काखेतला नोड का फुगला? उंदरांमधल्या त्वचारोपणाचं एक प्रकरण

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका संशोधन संस्थेतलं आहे. संस्थेचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. मी तिथे ऊतींचे छेद घेणं, रंगवणं आणि स्लाइड वाचून देणं हे काम करतो, त्यामुळे प्रयोग माझा नव्हता. पण चूक वेळीच दिसू शकली असती अशा दोन जागांवर मी हजर होतो. म्हणून हे सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं.

पार्श्वभूमी

विद्यार्थिनीच्या पीएचडीचा प्रश्न साधा होता. परकी त्वचा अंगावर बसवली की जवळच्या लिम्फ नोडमध्ये, म्हणजे प्रतिकारपेशींनी भरलेल्या छोट्या गाठीत, दिवसागणिक काय घडतं?

कलम नाकारलं जातं ते त्वचेवर, पण ते नाकारायचं हे ठरतं नोडमध्ये. कलमातल्या डेंड्रिटिक पेशी, म्हणजे परकं काय ते टी-पेशींना दाखवणाऱ्या पेशी, लसिकावाहिन्यांतून, म्हणजे ऊतींतला द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांतून, निघतात आणि पहिल्या नोडमध्ये पोहोचतात. तिथे टी-पेशी, म्हणजे परकं ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी, राहतात. त्यांच्या वस्तीत, म्हणजे नोडच्या बाहेरच्या थराखाली जो पट्टा असतो त्यात, जुळणारी टी-पेशी त्यांना गाठते. ती मोठी होते आणि दोन-तीन दिवसांत विभागायला लागते. तिची पिल्लं नोडमधून बाहेर पडून रक्तात येतात आणि रक्तातून कलमापर्यंत जातात. मधला नोडचा टप्पा काढून टाकला तर काय होतं, हे बार्कर आणि बिलिंगहॅम यांनी १९६८ मध्ये गिनीपिगवर दाखवलं. त्यांनी कातडीचा एक तुकडा असा सोडवला की त्याचा रक्तपुरवठा चालू राहिला पण लसिकावाहिन्या तुटल्या, आणि त्या बेटावर परकं कलम बसवलं. ते कलम नेहमीपेक्षा कितीतरी जास्त टिकलं. त्याच प्राण्याला आधीच त्या दात्याविरुद्ध तयार केलेलं असेल, तर मात्र बेटाचा काही उपयोग होत नसे. तयार पेशी रक्तातून येऊन कलम संपवत. पुढे २००० साली लक्कीस यांच्या गटाने नोडच नसलेले उंदीर घेतले, त्यांची प्लीहाही काढली, आणि त्यांच्यात बसवलेली परकी हृदयं नाकारली गेली नाहीत.

कोकणातल्या माणसाला कलम म्हटलं की रायवळच्या रोपावर बांधलेला हापूस आठवतो. तिथे दोन झाडं एकमेकांना धरून वर्षानुवर्षं फळ देतात, कारण झाडाला लिम्फ नोड नाही आणि फिरत्या टी-पेशीही नाहीत. उंदराच्या अंगावर तेच करायला गेलं तर दहा-बारा दिवसांत खपली उरते.

प्रयोगाची मांडणी अशी होती. घेणाऱ्या सगळ्या माद्या, सी५७ ब्लॅक ६ जातीच्या, आठ ते दहा आठवड्यांच्या. एका गटाला बाल्ब-सी या पांढऱ्या जातीच्या शेपटीची त्वचा. या दोन जातींत ऊतीजुळणीचे मुख्य जनुकच वेगळे आहेत, त्यामुळे नकार ठरलेला. दुसऱ्या, कंट्रोल म्हणजे तुलनेच्या गटाला त्याच काळ्या जातीची त्वचा. कलम छातीच्या उजव्या बाजूला, म्हणजे त्याची लसिका उजव्या काखेतल्या आणि दंडाजवळच्या नोडकडे जाणार. तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या दिवशी प्रत्येक गटातल्या चार उंदरांचे नोड काढायचे, वजन करायचं आणि पेशी मोजायच्या. शिवाय प्रत्येक गटात सहा उंदीर फक्त कलम किती दिवस टिकतं ते पाहण्यासाठी ठेवले होते.

हात तिचा चांगला होता. शेपटीची त्वचा लावल्याचा एक फायदा असा की बारीक खवल्यांच्या कड्या अंगावरच्या केसाळ कातडीत उठून दिसतात. सातव्या दिवशी पट्टी सोडली की जिवंत कलम गुलाबी आणि मऊ असतं, कड्या स्पष्ट असतात. नकार सुरू झाला की आधी कडा लालसर होते, मग कड्या पुसट होतात, मग सगळं कडक आणि तपकिरी. ती रोज सकाळी भिंगातून पाहून वहीत लिहायची.

अडचण

पहिली अडचण वजनाची. तिसऱ्या दिवशी कंट्रोल गटातले उजवे नोडही फुगलेले निघाले. न कापलेल्या उंदराचा हा नोड जेमतेम दोन-चार मिलिग्रॅमचा असतो. इथे दोन्ही गटांत तो दुपटीच्या पुढे होता. सहाव्या दिवशी परक्या कलमाचे नोड पुढे गेले, पण कंट्रोलचेही अजून उतरले नव्हते. म्हणजे स्वतःच्याच जातीची कातडी लावूनही नोड पेटला होता.

दुसरी अडचण तीन आठवड्यांनी आली आणि जास्त हादरवणारी होती. परकी कलमं नऊ ते बारा दिवसांत गेली, अपेक्षेप्रमाणे. कंट्रोलची सहाही कलमं छान धरली होती, त्यांवर बारीक केसही आले होते. चोविसाव्या दिवशी तिने वहीत लिहिलं, "कंट्रोल ३, कडा लाल, कड्या पुसट." अडतिसाव्या दिवसापर्यंत सहापैकी पाच कलमं गळून पडली होती. एक टिकलं.

एकाच जातीतली त्वचा नाकारली जाणं म्हणजे त्या जातीच्या पायालाच हात. वीस किंवा जास्त पिढ्या भाऊ-बहिणीचा संकर करून ही जात बनवतात. तिच्यातले उंदीर एकमेकांना जुळ्यांसारखे असायला हवेत. मॅडमचा, म्हणजे तिच्या मार्गदर्शिकेचा, पहिला प्रश्न होता: "आपली कॉलनी बिघडली का?"

समोरचे पर्याय

बैठकीत चार गोष्टी पुढे आल्या.

संसर्ग. उंदरांच्या घरात विषाणू शिरला असेल तर नोडही फुगतील आणि कलमंही बिघडतील. एका कारणात दोन्ही अडचणी सुटत होत्या, म्हणून हा पर्याय सगळ्यांना पटला. मलाही. पण पहारेकरी उंदरांचे, म्हणजे मुद्दाम त्याच खोलीत ठेवून तपासल्या जाणाऱ्या उंदरांचे, अहवाल स्वच्छ होते आणि न कापलेल्या उंदरांचे नोड लहानच होते. संसर्ग असता तर तो फक्त शस्त्रक्रिया झालेल्यांनाच कसा गाठेल, हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारला नाही.

जातीत भेसळ. बाहेर जनुकीय चाचणीला पाठवायचं तर काही आठवडे आणि बरेच पैसे जाणार होते. आणि भेसळ निघाली तर पूर्ण कॉलनी काढून टाकावी लागणार होती.

शस्त्रक्रियेतली चूक. टाके घट्ट बसले असतील, पट्टी सैल झाली असेल. पण तांत्रिक अपयश पहिल्या आठवड्यात दिसतं. तीन आठवडे नीट जगलेलं, केस उगवलेलं कलम टाक्यांमुळे जात नाही.

चौथा पर्याय बोलला गेला तो दबक्या आवाजात. कंट्रोलचे नवव्या दिवसापर्यंतचेच आकडे प्रबंधात घ्यावेत, नंतरचं लिहू नये. प्रश्न तर नोडचाच होता, कलम किती टिकतं हा नव्हता. मॅडमनी हे तिथल्या तिथे बंद केलं. तो निर्णय त्यांचा, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर आहे. विद्यार्थिनीच्या फेलोशिपचे शेवटचे महिने चालू होते आणि हे सगळ्यांना माहीत होतं.

निर्णयाच्या जागा

पुढे काय झालं ते क्रमाने सांगण्यापेक्षा, जिथे वाट फुटली त्या तीन जागा सांगतो.

पहिली जागा पेट्री डिशची. विद्यार्थिनीने सुचवलं की कुठलीही शस्त्रक्रिया न झालेल्या मादीच्या नोडच्या पेशी कंट्रोल दात्याच्या पेशींबरोबर एकत्र वाढवून बघू. फरक असेल तर त्या विभागतील. तसं केलंही. बाल्ब-सीच्या पेशींसमोर त्या जोरात विभागल्या, काळ्या दात्याच्या पेशींसमोर शांत राहिल्या. आम्ही सुटकेचा श्वास टाकला: दाता आणि घेणारी यांच्यात फरक नाही. हा निष्कर्ष चुकीचा होता. ऊतीजुळणीचे मुख्य जनुक वेगळे असले की शंभरातल्या एक ते दहा टी-पेशी प्रतिसाद देऊ शकतात, आणि डिशमध्ये तेवढ्या पुरतात. फरक लहान असेल तर त्याला ओळखणाऱ्या पेशी इतक्या थोड्या असतात की आधी अंगात त्यांची संख्या वाढल्याशिवाय डिशमध्ये काहीच दिसत नाही. आम्ही कलम नाकारलेल्या मादीच्या पेशी घ्यायला हव्या होत्या. डिशमधल्या शांततेचा आम्ही जास्त अर्थ लावला आणि दोन आठवडे संसर्गाच्या मागे गेलो.

दुसरी जागा प्राणी नैतिकता समितीची. नव्या उंदरांसाठी सुधारित अर्ज गेला, तेव्हा समितीवरच्या पशुवैद्यांनी एकच गोष्ट विचारली: "आधीच्या नोडचे ब्लॉक आहेत ना? ते वाचलेत का?" नव्हते वाचले. काखेतले नोड पेशी मोजण्यात संपले होते, पण दंडाजवळचे, डावे आणि उजवे दोन्ही, पॅराफिन मेणात बसवून, म्हणजे ब्लॉक करून, माझ्याच कपाटातल्या डब्यात होते. प्रबंधाच्या आराखड्यात वजन आणि संख्या एवढंच होतं, म्हणून मला कुणी मागितले नव्हते आणि मीही विचारलं नव्हतं.

तिसरी जागा प्राणीगृहाच्या दारात. समितीला जातीचे तपशील हवे होते म्हणून विद्यार्थिनी दात्यांचे जुने केज कार्ड शोधायला गेली. तिथे अनेक वर्षं काम करणारे काका कार्डांचा गठ्ठा उलगडत सहज म्हणाले, "अगं, त्या आठवड्यात काळ्या माद्या पुरत नव्हत्या. तुला शेपट्यांसाठी नरच दिले होते की. तूच म्हणालीस, जात तीच आहे ना, मग चालतील."

ती परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. कार्ड माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "सर, नर."

छेदांमध्ये काय दिसलं

त्याच दुपारी मी ब्लॉक कापायला घेतले. मिथाइल ग्रीन आणि पायरोनिन ही जुनी रंगजोडी निवडली: केंद्रकातलं डीएनए हिरवट-निळं होतं, आणि नवी प्रथिनं बनवण्याच्या तयारीतल्या पेशीतलं आरएनए गुलाबी-लाल. हीच पद्धत मुद्दाम घेतली, कारण परकी त्वचा लावलेल्या सशांच्या नोडमध्ये अशा मोठ्या लसिकापेशी वाढतात हे स्कॉथॉर्न आणि मॅकग्रेगर यांनी १९५५ मध्येच लिहून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवसाचा कंट्रोल नोड मोठा होता, पण मोठा कशाने? लहान, शांत लसिकापेशींची गर्दी. आतल्या मोकळ्या वाटा रुंदावलेल्या. गुलाबी पेशी इकडे-तिकडे चार-दोन. ही जखमेची खूण आहे. कातडी कापली, टाके घातले की तिथून दाहाचे संदेश लसिकेतून नोडला येतात. नोडकडे येणारी रक्तवाहिनी रुंदावते, रक्तातून आत येणाऱ्या पेशी वाढतात आणि काही काळ बाहेर जायची वाट बंद राहते. येणारे वाढले, जाणारे थांबले, नोड फुगला. यात परकेपणाचा काही संबंध नाही.

सहाव्या दिवसाचा परक्या कलमाचा नोड वजनाला कंट्रोलपेक्षा थोडाच जड होता, पण सूक्ष्मदर्शकाखाली वेगळाच. टी-पेशींचा पट्टा रुंद झालेला आणि त्यात गुलाबी किनार असलेल्या मोठ्या पेशी पानभर. दर दृश्यात एखादी विभागताना पकडलेली. त्याच उंदराचा डावा नोड शेजारी ठेवला तर तो जवळपास विश्रांतीतच होता.

आणि नवव्या दिवसाचे कंट्रोल. जखमेची गर्दी ओसरलेली, वजन उतरणीला. पण चारपैकी तीन नोडमध्ये टी-पेशींच्या पट्ट्यात गुलाबी पेशींचे लहान पुंजके. आकड्यांमध्ये हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण वजन खाली येत असतानाच खरा प्रतिसाद आत सुरू होत होता. एक लाट उतरत होती, दुसरी चढत होती, आणि तराजू दोघींची बेरीज दाखवत होता.

नराच्या त्वचेचं कोडंही १९५५ चंच. आइकवाल्ड आणि सिल्मसर यांनी त्या वर्षी दाखवलं की एकाच शुद्ध जातीत नराची त्वचा मादी नाकारू शकते. वाय गुणसूत्रावरच्या जनुकांपासून बनणाऱ्या प्रथिनांचे तुकडे मादीच्या शरीराला अनोळखी असतात. त्याला एच-वाय प्रतिजन म्हणतात. उलट दिशेला अडचण नाही, कारण मादीत असं काही नाही जे नरात नसतं. सगळ्या जातींच्या माद्या नराची त्वचा अशी नाकारत नाहीत, पण सी५७ ब्लॅक ६ ची मादी नाकारते, आणि सावकाश, तीन-चार-पाच आठवड्यांत. आमच्या वहीतले दिवस अगदी त्यात बसत होते. एकाच वर्षी छापलेल्या दोन निबंधांत आमच्या दोन्ही अडचणींचा मागमूस होता आणि आम्ही विषाणू शोधत होतो.

काय केलं

समितीने मूळ मागणीपेक्षा कमी उंदीर मंजूर केले आणि ते योग्यच होतं. पाच गट ठरले: हात न लावलेल्या माद्या, स्वतःच्याच शेपटीची त्वचा स्वतःच्याच छातीवर, मादीची मादीला, नराची मादीला, आणि बाल्ब-सी मादीची काळ्या मादीला. चौथा, दहावा आणि अठरावा दिवस. प्रत्येक उंदराचा डावा नोड त्याचाच कंट्रोल. वजन ठेवलं, पण मुख्य मोजमाप छेदातलं: टी-पेशींच्या पट्ट्याची रुंदी आणि त्यातल्या गुलाबी पेशी. स्लाइडवर गट न लिहिता नुसते क्रमांक टाकले आणि मी त्या तशाच वाचल्या.

वजनातही एक सुधारणा केली. काखेत चरबी भरपूर असते आणि तीन मिलिग्रॅमच्या नोडला एक मिलिग्रॅम चरबी चिकटली तर सगळा हिशेब बिघडतो. काढलेला तुकडा सलाइनच्या थेंबात टाकायचा: नोड बुडतो, चरबी तरंगते. चिमट्याने तरंगणारं सोडवत गेलं की शेवटी फिकट, इवलासा दाणा तळाशी राहतो. हे पहिल्या फेरीतही माहीत होतं. घाईच्या दिवशी झालं नव्हतं, असं वहीतल्या शेऱ्यांवरून दिसतं.

याशिवाय नराचं कलम गमावलेल्या माद्यांपैकी दोघींना दुसऱ्यांदा कलम केलं. एका बाजूला नराची त्वचा, दुसऱ्या बाजूला मादीची. एकदा नाकारलेल्या दात्याची त्वचा दुसऱ्यांदा लवकर नाकारली जाते, ही मेडावर या शास्त्रज्ञांनी सशांमध्ये दाखवलेली स्मृती इथेही असेल तर नराचं कलम लवकर जायला हवं आणि मादीचं राहायला हवं.

निष्पत्ती

चौथ्या दिवशी चारही शस्त्रक्रिया-गटांचे उजवे नोड फुगलेले होते, स्वतःची त्वचा स्वतःला लावलेल्यांचेही. हा निकाल मला सगळ्यात मोलाचा वाटतो. दहाव्या दिवशी स्वतःच्या आणि मादी-ते-मादी गटांचे नोड डाव्यांच्या जवळ आले होते आणि छेदांत शांत होते. परक्या गटात पट्टा रुंद, शिवाय प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींच्या भागात नवी बीजकेंद्रं, म्हणजे त्या पेशी वाढण्याच्या जागा. नर-ते-मादी गटात पुंजके होते, आणि अठराव्या दिवशी ते स्पष्ट वाढले होते, कलम वरून निरोगी दिसत असताना.

दुसऱ्या कलमाच्या दोन्ही माद्यांनी नराची त्वचा दोन आठवड्यांच्या आत नाकारली. मादीची त्वचा दोघींच्याही अंगावर राहिली. त्यांच्याच पेशी पुन्हा डिशमध्ये घेतल्या तेव्हा नराच्या पेशींसमोर त्या विभागल्या. कॉलनीत भेसळ नव्हती. पूर्ण कॉलनी काढून टाकायचा कागद तयार होता, तो फाडला.

प्रबंधाला पाच महिने उशीर झाला. फेलोशिप संपल्यावरचे दोन महिने तिने विनावेतन काम केलं, आणि हे मला आजही खुपतं.

आज करताना काय बदलू

पहिल्या फेरीतले कंट्रोल उंदीर वाया गेले असं मी म्हणणार नाही, कारण त्यांच्याच ब्लॉकने वाट दाखवली. पण ते प्राणी आम्ही ठरवलेल्या प्रश्नासाठी मेले नाहीत, आणि ते टाळता आलं असतं. अर्जात घेणाऱ्यांचं लिंग होतं, दात्यांचं नव्हतं. मी तो अर्ज वाचून सही केली होती. आता आमच्या नमुन्यात दात्याची जात, लिंग, वय आणि केज क्रमांक असे चार रकाने आहेत आणि एकही रिकामा असला तर प्राणीगृह शेपटी देत नाही. काकांना त्या दिवशी नर दिल्याचं चांगलं लक्षात होतं. त्यांना बैठकीत बोलावण्याचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. आता प्रयोगाच्या पहिल्या बैठकीला ते असतात.

स्वतःच्या त्वचेचा गट पहिल्यापासून हवा होता. नोडबद्दल काही म्हणायचं असेल तर जखमेला वेगळं करून दाखवणारा तो एकच गट आहे. आणि दोन विचित्र गोष्टी समोर आल्या तेव्हा दोघींना एकच कारण असेल असं आम्ही धरून बसलो. वेळेचा आलेख भिंतीवर लावला असता तर तीन दिवस आणि चोवीस दिवस यांतलं अंतर डोळ्यांत भरलं असतं.

एक गोष्ट उलगडायची राहिली आहे. पहिल्या फेरीतली ती सहावी मादी, जिने नराचं कलम टाकलं नाही. साठाव्या दिवशीही कड्या स्पष्ट होत्या. शंभराव्या दिवशी तिचा उजवा नोड काढला तेव्हा तो लहान होता, आणि टी-पेशींच्या पट्ट्यात गुलाबी पेशी जवळजवळ नव्हत्या. तिचा ब्लॉक डब्यात वेगळा ठेवला आहे, कार्डासकट.